अमेरिकेच्या ट्रेझरीची रोजकीर्द: चार तारे, पाचवा राखून ठेवलाय

साताऱ्यात वडिलांच्या आडतीची कीर्द मी लिहायचे, त्यामुळे दुसऱ्यांच्या वह्यांत डोकावायची खोड जुनीच. इथे मेरीलँडला फेडरल नोकरी लागली आणि निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा ‘जी फंडा’त जायला लागला. जी फंड म्हणजे सरकारलाच दिलेलं कर्ज. आपला ऋणको रोज काय करतो ते बघायला नको? म्हणून ट्रेझरीचं, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याचं, ‘डेली ट्रेझरी स्टेटमेंट’ वाचायला लागले. त्याबद्दल हे चार शब्द.

आधी कौतुक. कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी चार वाजता आदल्या दिवसाचा हिशेब हजर असतो. ‘फिस्कल डेटा’ साइटवर सगळं फुकट, खातं उघडा-पासवर्ड ठरवा असली भानगड नाही, आणि आकडे एक्सेलमध्ये सरळ उतरवून घेता येतात. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. सोशल सिक्युरिटीला किती गेले, कराचे परतावे किती दिले, ओळीओळीने. ‘डेट टू द पेनी’ या शेजारच्या पानावर तर १ एप्रिल १९९३ पासूनचं रोजचं कर्ज सेंटपर्यंत दिलंय. भारतात अर्थ मंत्रालयाचा कर्जावरचा अहवाल तिमाहीला येतो; त्या सवयीच्या माणसाला हे चैनीचं वाटतं. पहिल्या पानावरची रंगीत चित्रं मात्र मी बघतच नाही.

आता तक्ता तीन-सी, मर्यादेखाली मोजल्या जाणाऱ्या कर्जाचा. सरकारने एकूण किती कर्ज घ्यावं, ही मर्यादा अमेरिकेची संसद कायद्याने ठरवते. खरी गंमत इथे आहे.

२०१३ ची पानं काढा. मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, दशलक्ष डॉलरमध्ये, रोज एकच आकडा: १६,६९९,३९६. मर्यादा होती १६,६९९,४२१. पाच महिने सरकार पगार देतंय, पेन्शन देतंय, आणि कर्ज मर्यादेच्या अडीच कोटी डॉलर अलीकडे खिळा ठोकल्यासारखं स्थिर! मर्यादा उठली, त्यानंतर १७ ऑक्टोबरला एका दिवसात ते ३२८ अब्ज डॉलरनी चढलं. एवढी स्थिर खतावणी कुणी वडिलांना दाखवली असती तर त्यांनी आधी दिवाणजीला बोलावलं असतं.

चोरी नाही यात, सगळं कायद्यात बसतं. मर्यादेला कर्ज टेकलं की ट्रेझरी ‘विशेष उपाय’ काढते. जी फंडातले पैसे रोज नव्याने सरकारी रोख्यांत गुंतवले जातात. ती गुंतवणूक थांबवली की तेवढं कर्ज कागदावरून उतरतं आणि बाजारातून तितकंच नवं उचलायला जागा होते. मुलकी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाचंही तसंच. पेच सुटला की कायद्यानेच व्याजासकट भरपाई होते, माझ्या खात्यावर एक सेंटही कमी दिसत नाही. पण तक्ता तीन-सी एकटा वाचणाऱ्याला यातलं काही कळत नाही. उपायांची माहिती वेगळ्या पत्रकात, अर्थमंत्र्यांची पत्रं तिसरीकडेच.

२०२३ मध्ये एक सुधारणा झाली, तिचे गुण द्यायलाच हवेत. किती उपाय वापरले आणि किती उरले, याचा तक्ता आठवड्याला येऊ लागला. १० मेला ३३३ अब्जांपैकी ८८ अब्ज उरले होते. १ जूनच्या रात्री रोख शिल्लक जवळपास २३ अब्जांवर आली. एवढ्या मोठ्या देशाला हा जेमतेम वरखर्च. ३ जूनला कायद्यावर सही होऊन मर्यादा स्थगित झाली.

पाचवा तारा अडलाय तो अंदाजावर. पैसे कधी संपतील, हे ट्रेझरी फक्त पत्रातून सांगते. २०२३ मध्ये तेव्हाच्या अर्थमंत्री येलेनबाईंनी १ मेला लिहिलं, १ जूनलाच संपू शकतील. २६ मेला लिहिलं, ५ जून. २०२५ मध्ये त्यांच्यानंतरचे अर्थमंत्री बेसेंट यांनी ऑगस्ट सांगितला. तारीख कशावरून काढली, पुढचे कुठले भरणे नि देणी धरली, तो कागद बाहेर येत नाही. झालेल्या दिवसाचा हिशेब पै-पैसा, येणाऱ्या आठवड्याचा मात्र ‘आमच्यावर विश्वास ठेवा’. रोख्यांच्या बाजाराला आधीच घाबरवायचं नाही, हे कारण मला पटतं; पण खासदारांनाही पत्रावरच भागवावं लागतं, ते पटत नाही. मग सीबीओ (संसदेचं अर्थसंकल्प कार्यालय) आणि बायपार्टिसन पॉलिसी सेंटर ही खासगी अभ्याससंस्था याच रोजकीर्दीवरून आपापले आडाखे बांधतात. मर्यादा वाढवायला लावलेल्या उशिराची किंमतही असते: २०११ च्या ताणाताणीत ट्रेझरीचा व्याजखर्च १.३ अब्ज डॉलरनी वाढला, असं सरकारच्याच जीएओने, म्हणजे संसदेच्या लेखातपासणी संस्थेने, काढलं होतं.

ज्यांचे पैसे टी-बिलांत (ट्रेझरीच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत) किंवा जी फंडात आहेत, त्यांनी एवढंच करावं: तक्ता एकमधली अखेरची शिल्लक आणि तीन-सीमधलं मर्यादेपर्यंतचं अंतर एकत्र बघावं. जुलै २०२५ मध्ये मर्यादा ५ लाख कोटींनी वाढून ४१.१ लाख कोटी डॉलर झाली. ते अंतर भरत आलं की टीव्हीवर आरडाओरडा सुरू व्हायच्या आधी तुम्हाला कळेल. मोबाइलवर उघडू नका, रकाने कापले जातात.