मार्च मॅडनेसचं ब्रॅकेट मुंबईतून भरताना: ईएसपीएनचं ‘टूर्नामेंट चॅलेंज’ कसं आहे?

नागपाड्याच्या किंवा माटुंग्याच्या कोर्टवर संध्याकाळी कोणालाही विचारा, एनबीएच्या संघांची नावं धडाधड येतील. अमेरिकन कॉलेजांची एनसीएए बास्केटबॉल स्पर्धा, म्हणजेच मार्च मॅडनेस, मात्र आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते ती यूट्यूबवरच्या शेवटच्या सेकंदाच्या बास्केटांपुरती. साडेतीनशेहून जास्त कॉलेजांतून निवडलेले ६८ संघ, एक हरलात की घरी, आणि तीन आठवड्यांत विजेता. या स्पर्धेत शिरायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ब्रॅकेट भरणं (स्पर्धा सुरू होण्याआधीच प्रत्येक सामन्याचा विजेता ओळखून तक्ता भरायचा), आणि त्यासाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा फुकट खेळ म्हणजे ईएसपीएनचं ‘टूर्नामेंट चॅलेंज’.

निकाल आधीच सांगते: पहिल्यांदा भरणाऱ्याने हेच घ्यावं. खातं फुकट आहे, फोनच्या ब्राउझरमधूनही भरता येतं, आणि मित्रांचा खाजगी गट काढून त्याची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की काम झालं. पण त्याची गुणपद्धत एकाच उत्तराकडे फार झुकलेली आहे. ती समजून न घेता भरलं, तर पहिल्या चार दिवसांत सगळ्यांच्या पुढे असलेला माणूस शेवटी तळाला दिसतो.

गुण असे मिळतात: पहिल्या फेरीत बरोबर उत्तराला १०, मग २०, ४०, ८०, १६० आणि अंतिम सामन्याला ३२०. पहिल्या फेरीत ३२ सामने, दुसरीत १६, असं निम्म्याने कमी होत जातं, त्यामुळे प्रत्येक फेरीचे एकूण गुण ३२०च राहतात. सहा फेऱ्यांचे मिळून १९२०. वरवर हे समान वाटप वाटतं. आता विजेत्याचा हिशेब करा. विजेता बरोबर ओळखलात, तर त्या एका संघाने सहाही फेऱ्यांत तुम्हाला गुण दिले: १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०. बेरीज ६३०. म्हणजे एकूण गुणांचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका नावावर! संघ चार विभागांत वाटलेले असतात आणि प्रत्येक विभागात ताकदीनुसार १ ते १६ अशी मानांकनं असतात; पहिल्या फेरीत पहिला सोळाव्याशी, पाचवा बाराव्याशी असे खेळतात. पाचव्या मानांकनाला हरवणारा बारावा संघ ओळखल्याचे १० गुण या ६३० पुढे काहीच नाहीत.

म्हणून भरायची दिशा उलटी ठेवा. आधी विजेता, मग अंतिम सामन्यातला दुसरा संघ, मग शेवटचे चार, मग आठ. पहिल्या फेरीवर सगळ्यात शेवटी या. बहुतेक लोक वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करतात, पहिल्या फेरीत तासभर घालवतात आणि विजेता शेवटच्या मिनिटाला कंटाळून टाकतात.

विजेता कोण टाकायचा, हे गटाच्या आकारावर ठरतं, आणि या खेळाची खरी गंमत इथेच आहे. ईएसपीएनवर कोणत्या संघाला किती टक्के लोकांनी निवडलंय याचा तक्ता असतो. तज्ज्ञांच्या भाकितांपेक्षा हा तक्ता जास्त उपयोगाचा. समजा तुमच्या गटात वीस जण आहेत. एका लाडक्या संघाची जिंकण्याची शक्यता २५ टक्के धरली आणि तुम्हाला धरून सहा जणांनी तोच टाकला, तर तो जिंकल्यावरही तुम्हाला उरलेल्या पाचांशी झगडायचंय. तुमच्या वाट्याला साधारण ४ टक्के येतात. त्याऐवजी १२ टक्के शक्यता असलेला, पण गटात दुसऱ्या कोणीच न टाकलेला संघ घेतलात, तर तो जिंकल्यावर तुम्ही जवळपास एकटेच पुढे असता. पाच-सहा जणांच्या गटात मात्र हा डाव खेळू नका. तिथे सरळ सगळ्यात ताकदवान संघ घ्यावा. मधल्या आकाराच्या गटात पहिल्या मानांकनाच्या चार संघांपैकी ज्याच्याकडे लोकांचं लक्ष कमी आहे तो.

ताकद मोजायला दोन जागा आहेत. केन पॉमरॉयची केनपॉम क्रमवारी, जिचं पहिलं पान फुकट दिसतं, आणि बार्ट टॉर्विकची साइट, जी पूर्ण फुकट आहे. दोन्हीकडे १०० पझेशनमागे (पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात असतानाची एक चढाई) संघ किती गुण करतो आणि किती देतो, हे प्रतिस्पर्ध्याच्या दर्जानुसार दुरुस्त करून दिलेलं असतं. बहुतेक विजेते आक्रमण आणि बचाव दोन्हींत वरच्या विसा-पंचविसांत असतात. एकातच वर असलेला संघ आठांपर्यंत न्यावा, विजेता करू नये. मागच्या वर्षांचे तक्ते चाळून नियम काढणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: हंगाम संपल्यानंतरच्या तक्त्यात स्पर्धेतले सामनेही धरलेले असतात, त्यामुळे विजेता आधी होता त्यापेक्षा भक्कम दिसतो. तुलना करायची तर स्पर्धा सुरू होण्याआधीचे आकडे घ्या.

आता उलटफेर. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून २०२५ पर्यंत पहिल्या मानांकनाचे संघ सोळाव्यांशी १६० वेळा खेळले आणि दोनदाच हरले: २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ ने आणि २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ ने घरी पाठवलं. याच काळात पंधराव्याने दुसऱ्याला ११ वेळा हरवलंय. बारावा संघ पाचव्याला साधारण तीनांतून एकदा हरवतो. आठवा विरुद्ध नववा म्हणजे नाणेफेक.

‘दरवर्षी एखादा तरी बारावा जिंकतोच, म्हणून एक टाकायचाच’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. चार सामन्यांत मिळून बहुतेक वर्षी एखादा बारावा जिंकतो हे खरं, पण नेमका कोणता हे माहीत नसेल, तर प्रत्येक सामन्यात पाचव्यावरच पैज जास्त सुरक्षित आहे. बारावा तेव्हाच टाका, जेव्हा केनपॉमवर त्या दोन संघांतलं अंतर मानांकनापेक्षा बरंच कमी दिसतं. त्यातही तीन गोष्टी बघा: दुबळा संघ थ्री-पॉइंटर खूप मारतो का, चेंडू सहज गमावतो का, आणि मोठा संघ संथ खेळतो का. संथ सामन्यात पझेशन कमी, म्हणजे मोठ्या संघाला आपली ताकद दाखवायला संधी कमी आणि नशिबाला जागा जास्त.

व्हर्जिनियाचा सामना याचा धडाच आहे. देशातला सगळ्यात संथ खेळणारा संघ, त्यांचा खेळाडू डीआंद्रे हंटर मनगट मोडल्याने बाहेर, मध्यंतराला २१-२१. दुसऱ्या अर्ध्यात यूएमबीसीने ५३ गुण केले आणि सामन्यात २४ पैकी १२ थ्री-पॉइंटर टाकले. २०२४ मध्ये चौदाव्या मानांकनाच्या ओकलंडने केंटकीला ८०-७६ ने हरवलं, तेव्हा जॅक गोल्की नावाच्या एका गड्याने दहा थ्री-पॉइंटर मारून ३२ गुण केले. असा नेमबाज असलेला छोटा संघ एका रात्रीपुरता कोणालाही भारी पडतो. दुसऱ्या फेरीत मात्र त्याला पुढे नेऊ नका. तीच नेमबाजी दोन दिवसांत पुन्हा जमेल याची खात्री नसते.

वरच्या टोकाला उलटं चित्र. पहिल्या मानांकनाचे चारही संघ शेवटच्या चारांत पोचले ते फक्त २००८ आणि २०२५ मध्ये. म्हणून शेवटच्या चारांत दोन किंवा तीन पहिले ठेवून उरलेल्या जागी दुसरा-तिसरा किंवा चौथा घ्यावा. अकरावा संघही सहा वेळा तिथवर गेलाय, शेवटचा २०२४ चा एनसी स्टेट, पण तो आधी ओळखायला जाऊ नये. पूर्ण बरोबर ब्रॅकेटच्या मागे तर लागूच नका. ६३ सामन्यांच्या शक्यता ९२ हजार कोटी कोटींच्या घरात जातात, आणि नोंद असलेली सगळ्यात लांब बिनचूक सुरुवात २०१९ मधली, ४९ सामन्यांची आहे.

वेळेचं गणित मुंबईकराच्या बाजूचं आहे, फक्त एक चूक टाळा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, म्हणजे स्पर्धेच्या आधीच. त्यामुळे पूर्व किनाऱ्याच्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळ्यासारखे साडेदहा नव्हे. या एका तासाने दरवर्षी कोणाचं तरी ब्रॅकेट बंद होतं. संघ जाहीर होतात रविवारी तिकडच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेतीनला. ६८ संघांचे ६४ करणारे, डेटन शहरातले ‘फर्स्ट फोर’चे चार सामने बुधवारी आणि गुरुवारी सकाळी उरकतात. मुख्य फेरी गुरुवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास सुरू होते आणि त्याच क्षणी ब्रॅकेट कुलूपबंद होतं. म्हणजे फर्स्ट फोरचे निकाल आणि अमेरिकेतल्या संध्याकाळच्या दुखापतीच्या बातम्या हातात घेऊन आपल्याला अख्खा गुरुवार मिळतो. अमेरिकन माणूस तेव्हा झोपलेला असतो. सोमवारी कच्चं भरून ठेवा, गुरुवारी जेवणानंतर पक्कं करा.

भरताना अडतं ते एका ठिकाणी. पुढे नेलेला संघ आधीच्या फेरीत बदललात, की त्याच्या पुढच्या सगळ्या चौकटी रिकाम्या होतात. शेवटच्या घाईत हे लक्षात येत नाही आणि अंतिम सामन्याची चौकट कोरी राहते. जतन केल्यावर विजेत्याचं नाव दिसतंय ना, हे खालपर्यंत सरकवून बघाच. आपोआप भरण्याची सोय आहे, पण ती फक्त रिकामे कोपरे भरायला वापरावी. एका खात्यावर २५ ब्रॅकेट भरता येतात, हे मला गटासाठी घातक वाटतं. गट उघडतानाच ‘माणशी एक’ ठरवून टाका, नाहीतर विजेत्याने काही ओळखलं असं म्हणताच येत नाही.

गटाच्या यादीत आत्ताचे गुण आणि अजून मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण, दोन्ही दिसतात. दुसऱ्या आठवड्यापासून फक्त दुसरा आकडा बघा. ज्याचा विजेता गेलाय, तो आज पहिला असला तरी संपलेला असतो.

सामने बघण्याचं काय? एनसीएएच्या ‘मार्च मॅडनेस लाइव्ह’मधलं थेट चित्रीकरण अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी आहे. आपल्याला त्यातले गुणफलक आणि आकडेवारी पुरते, आणि सामना संपल्यावर त्यांच्या यूट्यूब वाहिनीवर क्षणचित्रं येतात. पहिल्या दोन दिवसांचे शेवटचे सामने आपल्याकडे सकाळी साडेसातच्या आसपास सुरू होतात, म्हणजे चर्चगेटला उतरेपर्यंत निकाल कळतो. अंतिम सामना मंगळवारी सकाळी सव्वासहाच्या पुढे. २०२५ मध्ये फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ ने हरवलं तो असाच, ऑफिसला निघायच्या वेळी संपला.

पैशाचं सरळ सांगते: गटात वर्गणी गोळा करू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झालेत, आणि ईएसपीएनची बक्षिसं अमेरिकेतल्या रहिवाशांसाठी असतात. हरणाऱ्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा, एवढं पुरे.

गुणपद्धत खटकत असेल, तर याहू किंवा सीबीएसचा खेळ बघा. तिथे गट चालवणाऱ्याला फेरीचे गुण बदलता येतात. माझ्या मते २, ३, ५, ८, १३, २१ ही मांडणी उत्तम. एकूण २३१ होतात आणि विजेत्याच्या वाट्याला ५२ येतात, म्हणजे सुमारे साडेबावीस टक्के. विजेता महत्त्वाचा राहतो, पण पहिल्या फेरीतला अभ्यासही वाया जात नाही. मुरलेल्या गटाने हेच घ्यावं. ईएसपीएन मात्र दिसायला आणि हाताळायला अजूनही सरस आहे, आणि नवख्या माणसाला नियम समजावत बसावं लागत नाही.

महिलांच्या स्पर्धेचं वेगळं ब्रॅकेट तिथेच भरता येतं, आणि ते जरूर भरा. तिथे वरचे १६ संघ पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच घरच्या कोर्टवर खेळतात, त्यामुळे उलटफेर कमी होतात. २०२५ मध्ये यूकॉनने साउथ कॅरोलिनाला ८२-५९ ने हरवलं. इथे सुरुवातीला धाडस नको, पहिल्या-दुसऱ्या मानांकनांना आठांपर्यंत सरळ न्या आणि डोकं लावायचं ते शेवटच्या तीन फेऱ्यांत. पुरुषांच्या ब्रॅकेटचा पहिल्या आठवड्यात चुराडा झालाच, तर सोळा संघ उरल्यावर ईएसपीएन ‘सेकंड चान्स’ नावाचं नवं ब्रॅकेट उघडतं. त्यात १५च सामने असतात, आणि ते पुढच्या गुरुवारी आपल्याकडे रात्र व्हायच्या आत भरून ठेवावं.