रिकोह जीआर ३ : एक पावसाळा, एक हिवाळा आणि वाटेत मिळालेले फोटो

प्रवासाला कोणता कॅमेरा न्यावा, हे मला लोक नेहमी जायच्या ठिकाणावरून विचारतात. कासला चाललोय, कुठली लेन्स? रायगडला चाललोय, ट्रायपॉड नेऊ का? माझा अनुभव असा, की वर्षाअखेरीस जे फोटो मी मोठे छापून घेते त्यांतले बहुतेक त्या ठिकाणी काढलेलेच नसतात. ते वाटेत मिळालेले असतात. फेरीबोटीची वाट बघताना, गाडी क्रॉसिंगला खोळंबलेली असताना, चहाला उतरल्यावर. ठिकाणावर पोहोचून बॅग उघडेपर्यंत दिवसातलं सगळ्यात चांगलं काहीतरी मागे राहून गेलेलं असतं.

गेल्या जूनमध्ये रिकोह जीआर ३ घेतला तो यासाठीच. आता पुन्हा पावसाळा तोंडावर आला आहे. वाटेतले, न ठरवलेले फोटो या कॅमेऱ्याने मिळतात का, एवढ्या एकाच कसोटीवर मी तो तपासला, आणि पुढचं सगळं त्याच दृष्टीने लिहिते आहे.

आधी वस्तूची ओळख. मॉडेल २०१९ चं. बॅटरी आणि कार्ड धरून वजन २५७ ग्रॅम, त्यामुळे कुर्त्याच्या किंवा जॅकेटच्या खिशात सहज मावतो. सेन्सर एपीएस-सी, २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे अनेक मोठ्या डीएसएलआरमध्ये असतो त्याच आकाराचा. लेन्स एकच आणि न बदलणारी: १८.३ मिमी, एफ २.८ (हा आकडा उजेड आत घेणाऱ्या छिद्राचा, आकडा वाढला की छिद्र लहान). जुन्या फिल्मच्या हिशेबात ती २८ मिमी पडते, म्हणजे रुंद दृश्य घेणारी. झूम नाही, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, आत फ्लॅश नाही, स्क्रीन वळत नाही. दुकानात ही यादी ऐकून बरेच जण मागे फिरतात. मला मात्र यातल्या झूमची सोडून कशाचीच उणीव जाणवली नाही, आणि झूमचीही एकाच प्रसंगात.

धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट वाशिष्ठीच्या मुखाशी खाडी ओलांडते. गुहागरकडून दापोलीला निघालेल्याला रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून गाड्या घेऊन लोक हीच बोट धरतात. जुलैत आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोट पलीकडे होती आणि पाऊस कोसळत होता. गाडीतली मंडळी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. मी काचेतूनच सुरुवात केली. वायपर बंद केल्यावर काचेवर पाण्याचा पडदा उतरतो आणि पुढच्या टेम्पोचे लाल दिवे त्यात विरघळतात. कॅमेरा हाताने दोन मीटरवर पक्का केला तर टेम्पो ओळखू येतो आणि काचेवरचं पाणी पुसट होतं. अंतर अगदी जवळचं ठेवलं की थेंब टोकदार होतात आणि टेम्पोचा नुसता रंग उरतो. दोन्ही करून बघितलं. मला दुसरं जास्त आवडलं.

खरी गंमत पलीकडे उतरताना आली. बोटीच्या तोंडाशी गाड्या चढ-उतार करायला लोखंडी फळी असते. खाडीतून जाताना ती उचललेली असते. दाभोळचा धक्का जवळ आला की साखळ्या सैल होतात आणि फळी हळूहळू खाली जायला लागते. तिच्या वरच्या काठावरून आधी फक्त आभाळ दिसतं, मग माडांचे शेंडे, मग कौलं, मग धक्क्यावर ताटकळलेली माणसं आणि सगळ्यात शेवटी पाणी. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा खेळ. अलीकडे काळ्या कडेवर मोटारसायकलवाले हेल्मेट चढवून किक मारायच्या तयारीत, आणि पलीकडे गाव वरून खाली उलगडत येणारं. इथे दोन गोष्टी कामी आल्या. कॅमेरा बटण दाबल्यापासून एका सेकंदाच्या आत तयार होतो. आणि उजळ भागाला सांभाळून प्रकाश मोजायची सोय त्यात आहे, ती लावून ठेवली की पावसाळी आभाळ पांढरं फटक पडत नाही. सावल्या थोड्या काळ्या येतात, पण त्या नंतर उजळता येतात. गेलेलं आभाळ परत येत नाही.

शेजारी एक कोळीण मावशी रिकामी पाटी डोक्यावर उलटी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “काय गो, पावसात फोटू काढतेस?”

“तुमचा काढू का मावशी?”

“माझा कशाला! त्या साखळीचा काढ. किती गंजली आहे बघ.”

मी बघितलं. प्रत्येक कडीच्या खालच्या बाजूला पाण्याचा थेंब लोंबत होता आणि गंज उतरून तो थेंब गूळपाण्याच्या रंगाचा झाला होता. कॅमेऱ्यात मॅक्रोचं बटण वेगळं आहे. ते दाबलं की सहा ते बारा सेंटीमीटरवरची वस्तू टिपता येते. साखळीला नाक लागेल इतकं जवळ जाऊन तो थेंब घेतला. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो तोच, आणि तो मावशींनी दाखवला म्हणून मिळाला. स्क्रीनवर त्यांना दाखवला तेव्हा म्हणाल्या, “मधासारखा दिसतोय की.”

आता या कॅमेऱ्याच्या मुख्य गुणाबद्दल, स्नॅप फोकसबद्दल. नेहमीच्या कॅमेऱ्यात बटण अर्धं दाबायचं, कॅमेरा फोकस शोधणार, मग पूर्ण दाबायचं. वाटेतल्या फोटोत तेवढा अवधी मिळत नाही. इथे अंतर आधीच ठरवून ठेवता येतं: एक मीटर, दीड, दोन, अडीच, पाच, असं. बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा काही न शोधता त्या अंतरावर फोटो घेतो. अर्धं दाबलं तर नेहमीसारखा फोकस करतो. म्हणजे दोन्ही सवयी एकाच बटणात. छिद्र एफ ८ आणि अंतर अडीच मीटर ठेवलं, तर साधारण सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. लेन्स रुंद असल्यामुळे हे गणित जमतं. ५० मिमीच्या लेन्सवर एवढी मुभा मिळत नाही. ही गोष्ट अंगवळणी पडायला मला दोन-तीन महिने लागले, कारण अडीच मीटर म्हणजे किती हे डोळ्यांना कळावं लागतं. मी ते एसटीच्या मापाने शिकले. दारातल्या पायरीवर उभं राहिलं की ड्रायव्हरच्या मागची सीट साधारण तेवढ्यावर येते.

आषाढी वारीत याचा कस लागला. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी घाटाच्या प्रत्येक वळणावर फोटोग्राफर उभे असतात. लांब लेन्स, शिड्या, आता ड्रोनही. घाटातली ती भगव्या पताकांची ओळ सुंदरच असते, त्यात शंका नाही, पण ती सगळ्यांकडे असते आणि २८ मिमीमध्ये ती मुंग्यांची रांग दिसते. मी तिथे फार थांबले नाही, सासवडला गेले. पालखीचा तिथे मुक्काम असतो. चालणं थांबलं की वारी घरासारखी वागायला लागते, आणि कॅमेरेवाले तोवर बरेचसे परतलेले असतात.

कऱ्हेच्या काठी आणि दिंड्यांच्या ट्रकांभोवती मी दिवसभर फिरले. ट्रकच्या दोन टोकांना दोरी बांधून वाळत घातलेली नऊवारी लुगडी, त्यांच्या सावलीत झोपलेले पखवाजवादक, टँकरखाली लावलेली हंड्यांची रांग. एक आजोबा ट्रकच्या बाजूच्या आरशात बघून गोपीचंदन लावत होते. आरसा उंच, म्हणून टाचा उचललेल्या. एका हाताने आरशाची दांडी धरलेली, दुसऱ्या हाताचं बोट कपाळावर. आरशात त्यांचा चेहरा, आणि चेहऱ्यामागे मागच्या तंबूतली वाढायला बसलेली पंगत.

“काढू का माउली?”

“काढा की माउली. पण टिळा सरळ आला का तेवढं सांगा.”

टिळा सरळ होता. मी पहिल्यांदा ते सांगितलं, मग फोटो घेतला. २८ मिमीचं हे एक मला फार मोलाचं वाटतं: माणसाच्या जवळ गेल्याशिवाय फोटो होतच नाही, आणि जवळ गेलं की बोलावं लागतं. रस्त्यापलीकडून लांब लेन्सने कुणाचा चेहरा ओढून घेणं मला कधीच पटलेलं नाही. वारीत तर नाहीच, तिथे माणसं उघड्यावर अंघोळी करतात, कपडे बदलतात, झोपतात. काही बायांनी हाताने नको म्हणून खुणावलं, तिथे कॅमेरा खाली. लहान कॅमेऱ्यामुळे लोक बिचकत नाहीत हे खरं, आणि म्हणूनच विचारायची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

कोकण रेल्वेबद्दल थोडक्यात. रोहा ते वीर सोडलं तर मार्ग मुख्यतः एकेरी आहे, त्यामुळे समोरच्या गाडीला वाट द्यायला आपली गाडी कुठल्याही छोट्या स्टेशनात उभी राहते. निवसर, आडवली, विलवडे अशी स्टेशनं लोक वैतागून बघतात. माझ्यासाठी तो उतरायचा इशारा असतो, अर्थात डब्याच्या दाराशेजारीच आणि सिग्नलवर लक्ष ठेवून. चालत्या गाडीच्या दारात कॅमेरा घेऊन लोंबकळणारे पुष्कळ दिसतात. कुठलाही फोटो त्या लायकीचा नसतो. बोगद्यांचं मात्र सांगायलाच हवं. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे चांगली काही मिनिटं बाहेर काळोख. एसी डब्यात खिडकीची काच तेवढा वेळ आरसा बनते. समोरच्या बाकावरचं झोपलेलं बाळ, वरच्या बर्थवरून लोंबणारा हात, आपलाच चेहरा, सगळं एकावर एक. मग अचानक उजेड येतो आणि काचेत भातखाचरं भरतात. उजेड आत शिरतानाच्या त्या क्षणी अर्धा आरसा आणि अर्धी खिडकी एकाच फोटोत येते. कॅमेऱ्यातलं तीन अक्षांचं स्थिरीकरण अशा कमी उजेडात हात सावरून धरतं, पण डब्याची हालचाल ते थांबवू शकत नाही. बोगद्यातले माझे बरेच फोटो हललेले आहेत आणि त्यातले दोन-तीन हललेले म्हणूनच मला आवडतात.

झूमची उणीव जाणवली ती भिगवणला. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला होडीतून गेलो. शेजारच्या होडीत ६०० मिमीच्या लेन्सा, माझ्या फोटोत पक्षी म्हणजे गुलाबी टिंबं. पक्ष्यांसाठी प्रवास करणाऱ्याने हा कॅमेरा घेऊच नये, निदान एकटा तरी नको. मी मग होडीवाल्या दादांच्या वल्ह्याकडे आणि पाण्यात उभ्या मासेमारीच्या काठ्यांकडे वळले. त्यांनीच गप्पांच्या ओघात सांगितलं, “उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवला या ताई, देऊळ वर येतं.” भीमेवरच्या या धरणात जुनं पळसदेव बुडालं, आणि पाणी खूप खाली गेलं की तिथलं प्राचीन देऊळ उघडं पडतं. मे महिन्यात आम्ही गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालत देवळापर्यंत जाता येत होतं. शिखराच्या विटांवर पाणी कुठवर होतं त्याच्या रेघा एकावर एक स्पष्ट दिसत होत्या. इथे रुंद लेन्स अगदी योग्य: खाली पायाशी शिंपले, मध्ये देऊळ, मागे उरलेल्या पाण्याची पट्टी, सगळं एका चौकटीत.

वापरताना काय सांभाळावं लागतं तेही सांगते. पावसा-धुळीपासून बचावासाठी कॅमेऱ्याला सीलबंद बांधणी नाही. पावसात मी तो प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत ठेवते आणि फोटोपुरता बाहेर काढते. वारीच्या धुळीत लेन्स बाहेर आलेली असताना खिशात सरकवत नाही. टचस्क्रीन पावसात बंद करून ठेवावी, थेंब पडला की फोकसची जागा सरकते. मे महिन्याच्या उन्हात स्क्रीनवर काही धड दिसत नाही, तेव्हा हाताचा आडोसा आणि २८ मिमीचा अंदाज यावरच भागवावं लागतं. बॅटरी कंपनीच्याच आकड्यांनुसार साधारण २०० फोटोंची. दिवसभराच्या प्रवासाला दोन जादा बॅटऱ्या लागतात. यूएसबी-सीने गाडीत चार्ज करता येतं, ते बरं आहे.

याच घराण्यात २०२१ मध्ये आलेला जीआर ३ एक्स ४० मिमीचा आहे. मैत्रिणीचा काही दिवस वापरून बघितला. चेहरे त्यात जास्त देखणे येतात, रस्त्यावर मोकळ्या जागेत तो छान. पण एसटीत, रेल्वेच्या डब्यात, बोटीच्या फळीमागे चौकट अपुरी पडते, मागे सरकायला जागाच नसते. ज्यांचे फोटो वाहनाच्या आतून सुरू होतात त्यांनी २८ च घ्यावा.

माझ्या सेटिंगबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून इथेच देते. कॅमेऱ्याच्या चाकावर यू १, यू २, यू ३ अशा तीन जागा आपल्या मनासारख्या भरता येतात. यू १ : एफ ८, स्नॅप अडीच मीटर, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) आपोआप पण ६४०० च्या वर नाही, शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नाही, मोजणी उजळ भागाला सांभाळून. कॅमेरा खिशात जाताना चाक कायम इथे. यू २ : एफ २.८, नेहमीचा ऑटो फोकस, शटरची मर्यादा १/६०, संध्याकाळ आणि डब्याच्या आतल्या उजेडासाठी. यू ३ : दाट काळं-पांढरं, एफ ५.६, स्नॅप दीड मीटर, गर्दीत शिरल्यावर. रॉ (सेन्सरने टिपलेली मूळ, रंगीत माहिती) आणि जेपेग (तयार फोटो) दोन्ही चालू ठेवते, म्हणजे यू ३ वर काढलेल्या फोटोचाही रंग हाताशी राहतो.