पॉलिसी खरी होती, खोटी होती एक ओळ

गेल्या आठवड्यात आमच्याच धंद्यातल्या एकाने मला एक मेसेज दाखवला. ‘केबलिंगवाल्यांसाठी कामगार विमा. हप्ता निम्मा, सगळं त्यात येतं.’ खाली नाव नव्हतं, तरी ‘सगळं त्यात येतं’ वाचलं आणि मेसेजमागचा एजंट ओळखला. दीड वर्षापूर्वी याच वाक्यावर विसंबून मी त्याच्याकडच्या पॉलिसीवर सही केली होती. म्हणून हे लिहायला बसलो.

मी डेटा केबलिंगचा पोटठेकेदार. चार माणसं कायमची, काम मोठं असलं की दोन हेल्पर वरचे. फॉल्स सीलिंगवरून केबल ओढायची, ट्रेमध्ये बांधायची, रॅकवर आणून पंच करायची, म्हणजे तारा खाचेत दाबून बसवायच्या, टेस्ट करून द्यायची. लांबून बघणाऱ्याला हे संगणकवाल्याचं काम वाटतं. प्रत्यक्षात निम्मा दिवस आम्ही शिडीवर असतो आणि उरलेला निम्मा दुसऱ्याची शिडी धरून.

एका कामाला मोठ्या ठेकेदाराने साइटवर पाय ठेवण्याआधी कामगार नुकसानभरपाई विम्याचा कागद मागितला. त्यात गैर काही नव्हतं. पोटठेकेदाराचा माणूस जखमी झाला आणि त्याने भरपाई दिली नाही, तर बऱ्याच ठिकाणच्या कायद्यात ती मागणी वर सरकते. मला काम सुरू करायची घाई होती. ओळखीतून एजंट आला. गोडबोल्या वगैरे नव्हता, उलट जरा तुसडाच होता. त्यामुळेच खरा वाटला. बाकी दोघांनी सांगितलेल्या हप्त्याच्या निम्म्याहून कमी आकडा त्याने सांगितला. कसं काय, विचारलं तर म्हणाला, “मला बरोबर वर्गात बसवता येतं.”

याचा अर्थ मला फार उशिरा कळला. या विम्याचा हप्ता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: वर्षभरात एकूण किती मजुरी वाटता, आणि काम कुठल्या जोखमीच्या वर्गातलं. टेबलावर बसणारा कारकून आणि टॉवरवर चढणारा माणूस यांचा दर एक नसतो. त्याने प्रपोजल फॉर्म पुढे केला, सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्या मारलेल्या. बाकी सगळा कोरा. “तुम्ही सही करा, मी भरतो.” मी केली.

दोन दिवसांत सर्टिफिकेट आलं. मी काही अगदीच बावळट नाही. विमा कंपनीला फोन लावून पॉलिसी नंबर तपासला. खरा निघाला. माझं नाव बरोबर, तारखा बरोबर. आपण हुशारी केली असं वाटून मनात खूशही झालो. पण ते एका पानाचं सर्टिफिकेट होतं. कामाचं स्वरूप, माणसांची संख्या, मजुरी हे सगळं पॉलिसीच्या आतल्या पानांत होतं, आणि ती पानं माझ्यापर्यंत आलीच नाहीत. मीही मागितली नाहीत.

पाच महिन्यांनी आमच्यातला सगळ्यात जुना माणूस पडला. खाली सामान होतं म्हणून घोडी, म्हणजे दोन्हीकडे पाय असलेली शिडी, पूर्ण उघडली नव्हती, मिटवून भिंतीला टेकवली होती. घोडी अशी वापरायची नसते; पाय उघडून, मधली पट्टी अडकवूनच उभी करायची. तो साधारण नऊ फुटांवर होता. केबलचा जुडगा ट्रेच्या कडेला अडकला होता आणि तो अख्खं अंग टाकून ओढत होता. चार जोड्यांच्या तांब्याच्या केबलला ओढताना ११० न्यूटन, म्हणजे साधारण अकरा किलो वजनाएवढा ताण, ही मर्यादा आहे. आतल्या जोड्यांचा पीळ बिघडू नये म्हणून. आम्ही ही मर्यादा टेस्ट फेल होऊ नये एवढ्यापुरतीच लक्षात ठेवायचो. अडकलेलं टोक सुटलं, सगळी ओढ एकदम मोकळी झाली आणि तो मागच्या मागे गेला. टाचेचं हाड आणि उजवं मनगट.

शिडी चुकीची लावली होती हे मी क्लेममध्ये लपवलं नाही. हा विमा चूक कोणाची ते शोधत बसत नाही. पायाच तो आहे. जर्मनीत १८८४ साली, ब्रिटनमध्ये १८९७ साली आणि भारतात १९२३ साली हे कायदे आले ते याच तत्त्वावर, की कामावर इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध करण्याची वेळ कामगारावर येऊ नये. त्यामुळे मी निर्धास्त होतो.

कंपनीचा तपासनीस आला. शिडीबद्दल त्याने फारसं विचारलंच नाही. किती फुटांवर होता? तुमच्याकडे माणसं किती? महिन्याला देता किती? मी खरं ते सांगितलं. मग त्याने फॉर्मची प्रत काढून माझ्यापुढे ठेवली. ‘कामाचे स्वरूप: कार्यालयीन संगणक उपकरणांची जोडणी व देखभाल, जमिनीच्या पातळीवर.’ माणसं दोन. मजुरी खऱ्याच्या निम्मीसुद्धा नाही. खाली सही माझी.

क्लेम नाकारला गेला. पण माझ्या माणसाचं देणं थोडंच फिटलं? भरपाईची जबाबदारी मालकाची असते, विमा कंपनी ती फक्त आपल्या अंगावर घेते. कंपनीने हात वर केले की जबाबदारी जिथल्या तिथे राहते. दवाखाना, घरी बसलेल्या महिन्यांची मजुरी, सगळं मी भरलं. त्यासाठी फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची केबल, जोडायचं स्प्लायसिंग मशीन विकलं. मोठ्या ठेकेदाराने माझं बिल अडकवून ठेवलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही अडकवलं असतं.

एजंटला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, “स्वस्त तुम्हालाच हवं होतं ना?” याचा राग आला तो आजही गेलेला नाही, कारण ते अर्धं खरं आहे. वर त्याने नवीन काही विकायला काढलं: प्रत्येकाच्या नावाने वैयक्तिक अपघात विमा. वाईट चीज नाही ती, पण त्यातून पॉलिसीत लिहिलेली ठरावीक रक्कम मिळते; मालकावरची कायद्याची जबाबदारी त्याने हटत नाही. दोन्ही एकच असल्यासारखं तो बोलत होता. दुसऱ्यांदा फसायच्या बेतात होतो, खरं सांगतो.

तक्रार केली आहे, अजून लोंबकळते आहे. कोऱ्या फॉर्मवरची सही स्वतःची असल्यावर आपली बाजू किती लंगडी पडते, ते प्रत्येक तारखेला कळतं.

तुमच्याकडे पॉलिसी असेल तर सर्टिफिकेट बाजूला ठेवा आणि कंपनीकडूनच आतली पानं आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मागवा, एजंटकडून नको. कामाची ओळ वाचा. शिडी, उंची, विजेच्या तारांजवळचं काम त्यात आहे का? मॅनहोलमध्ये उतरता का? आत विषारी वायू असू शकतो किंवा प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून ते काम वेगळं सांगावंच लागतं. चालू फायबर हाताळता का? त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करतो. आणि वरचे हेल्पर: ते दोन दिवसांसाठी आले तरी धरले आहेत का? माझ्या पॉलिसीत तर कायमची माणसंही पुरती धरली नव्हती.

या वर्षी दुसरीकडून पॉलिसी घेतली. कामाच्या स्वरूपाची ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिली. ती रकान्यात मावेना म्हणून जोडपान लावलं. समोरचा म्हणाला, “एवढं सविस्तर कशाला लिहिता, हप्ता चढेल.” चढला, जवळजवळ तिप्पट झाला. भरलेल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मग सही केली.