बीमच्या कडेला कोणता सॅटेलाइट रिसीव्हर घ्यावा: साधा बॉक्स, लिनक्स बॉक्स की नेटवर्क ट्यूनर?

२८.२ अंश पूर्वेचे ॲस्ट्रा २ई, २एफ आणि २जी हे उपग्रह ब्रिटनवर जो अरुंद बीम (सिग्नलचा झोत) टाकतात, तो ब्रिटनमध्ये ४५-६० सेंमीच्या डिशवर आरामात मिळतो. दक्षिण स्पेनमध्ये त्याच चॅनेलांसाठी दोन मीटरची डिशही कधी कधी अपुरी पडते. अशा ठिकाणी, म्हणजे बीमच्या कडेला, राहणारा माणूस हमखास विचारतो, ‘जास्त सेन्सिटिव्ह रिसीव्हर कोणता?’

खोक्यावर छापलेला ‘उणे ६५ डीबीएम’ हा आकडा (ट्यूनरला चालणारी सर्वांत कमी सिग्नल पातळी) पाहून निवड करू नका. बहुतेक ट्यूनरांवर तोच असतो, आणि एलएनबी (डिशसमोर बसवलेला, सिग्नल टिपून वाढवणारा भाग) स्वतः ५०-६० डीबी (डेसिबेल) वाढ देत असल्याने पातळी सहसा पुरेशीच असते. कमी पडते ते सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर, म्हणजे एसएनआर. ते ठरवतात डिश आणि एलएनबी. ८० सेंमीऐवजी १२० सेंमीची डिश लावली की साधारण ३.५ डीबी मिळतात. दोन चांगल्या ट्यूनरांमधला फरक एक डीबीच्या वर क्वचितच जातो. तेव्हा डिश लहान असेल तर रिसीव्हरचे पैसे आधी तिकडे वळवा.

तरी कडेला शेवटचा एक डीबीही मोलाचा असतो. डीव्हीबी-एस२ या प्रसारण पद्धतीत ८पीएसके (सिग्नलवर माहिती चढवण्याची एक रीत), एफईसी (चुका दुरुस्त करणारा कोड) २/३ ला सिद्धांताप्रमाणे सुमारे ६.६ डीबी लागतात, ३/४ ला ७.९. क्यूपीएसके १/२ ही जास्त दणकट रीत मात्र १ डीबीवरही लॉक होते. म्हणून एकाच उपग्रहावरचे काही चॅनेल स्वच्छ दिसतात आणि शेजारच्या ट्रान्सपाँडरवरचे (उपग्रहावरचा एक प्रक्षेपण मार्ग) चौकोन-चौकोन होऊन तुटतात. दोष बॉक्सचा असेलच असे नाही.

टीव्हीतला अंगचा ट्यूनर इथे सर्वांत आधी बाद करावा. बहुतेक टीव्ही टक्क्यांत आकडा दाखवतात, ब्लाइंड स्कॅन (फ्रिक्वेन्सी न सांगता चॅनेल शोधणे) सहसा नसतो आणि सिम्बॉल रेट (सिग्नलमधल्या माहितीचा वेग) हाताने भरायचा तर मेनू खणत बसावे लागते.

साधा फ्री-टू-एअर (विनाशुल्क चॅनेलांचा) बॉक्स स्वस्त असतो, लवकर सुरू होतो आणि ब्लाइंड स्कॅन अनेकदा महागड्या बॉक्सपेक्षा चपळपणे करतो. एकच उपग्रह आणि ठरलेले चॅनेल असतील तर तो पुरे. अडचण मोजमापाची. ‘क्वालिटी ६२ टक्के’ याचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापला लावते, त्यामुळे दोन बॉक्सांचे टक्के एकमेकांशी ताडून पाहणे व्यर्थ. घेताना एचईव्हीसी (व्हिडिओ आटोपशीर करण्याची नवी पद्धत) डीकोडिंग आहे ना, एवढे पाहून घ्या.

लिनक्सवर चालणाऱ्या एनिग्मा२ सॉफ्टवेअरचा बॉक्स, म्हणजे वू प्लस किंवा ड्रीमबॉक्सच्या जातीचा, एसएनआर सहसा डीबीमध्ये दाखवतो. आमच्या मते कमजोर सिग्नलच्या जागी त्याला जादा पैसे मोजण्याचे हेच खरे कारण. डिश मिलिमीटरने सरकवताना, एलएनबीचा स्क्यू (तिरकेपणा) फिरवताना ०.२ डीबीचा फरक डोळ्यांना दिसतो. ट्यूनर बदलता येणारे मॉडेल मिळाले तर उत्तम. मात्र ब्लाइंड स्कॅन काही ट्यूनरांवर चालतच नाही, ते आधी विचारा. आणि सेटिंगांचा कंटाळा असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

सॅट-आयपी नेटवर्क ट्यूनरचा (उपग्रहाचे चॅनेल घरच्या नेटवर्कवर पाठवणारा) फायदा वेगळाच आहे. आरजी-६ केबल २१५० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे ३० डीबी खाते. डिश बागेच्या टोकाला, घरापासून ४०-५० मीटरवर असेल तर ट्यूनर डिशजवळ कोरड्या जागी ठेवून घरापर्यंत लॅन केबल ओढावी. पण या पद्धतीत क्वालिटी ० ते १५ अशाच पायऱ्यांत कळते, डिश लावायला ते फारच ढोबळ. लावताना वेगळा मीटर किंवा वरचा लिनक्स बॉक्स उसना घ्या.

दोन रिसीव्हर खरोखर पडताळायचे असतील तर आकाश निरभ्र असताना, तीच केबल आळीपाळीने जोडून, सर्वांत कमजोर ट्रान्सपाँडर लावा. एलएनबीच्या टोपीवर ओल्या कापडाचा एकेक थर वाढवत न्या. ज्याचे चित्र जास्त थरांपर्यंत टिकते तो ट्यूनर सरस. संध्याकाळी पुन्हा करा, कारण कडेला सिग्नल दिवसभरात वरखाली होतो.

बॉक्स परत करण्याआधी आणखी तीन गोष्टी तपासा. फक्त आडव्या ध्रुवीकरणाचे चॅनेल गायब असतील तर एलएनबीपर्यंत १८ व्होल्ट पोचत नसावेत. तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेच्या लांब केबलीत असे होते. थोडेच चॅनेल मधूनमधून तुटत असतील तर कॉर्डलेस फोनचा तळ बॉक्सपासून दूर न्या: डेक्ट फोन १८८०-१९०० मेगाहर्ट्झवर बोलतात आणि ती पट्टी केबलमधल्या ९५०-२१५० मध्येच पडते. आणि केबल आखूड असताना लाइन ॲम्प्लिफायर जोडू नका, तो सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो.