सरांची शेड: सोलापुरात बॉक्सिंग शिकायची जागा, आणि हेवीवेटमध्ये सगळ्यात मोठा कोण हा रविवारचा वाद

बॉक्सिंग शिकायला सोलापुरात कुठं जावं असं आमच्या टॉवेलच्या कारखान्यातली पोरं मला विचारतात. मी त्यांना एकच जागा सांगतो. पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या बाजूला, बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्यात हा क्लास चालतो. दारावर पाटी नाही. सगळे 'सरांची शेड' म्हणतात. सर फौजेतून निवृत्त झालेत, तिथंच बॉक्सिंग खेळले. मी मोठ्यांच्या संध्याकाळच्या बॅचला जातो. पुतणी सकाळी जाते.

आधी जागेचं सांगतो. माग भंगारात गेले, पण ते जिथं बसवले होते तिथले बोल्ट फरशीत कापून सपाट केलेले अजून दिसतात. त्यावर जाड मॅट टाकलीय. वरच्या लोखंडी कैचीला चार बॅगा टांगल्यात. खरी रिंग नाही. चार खांब रोवून दोरखंड ओढलाय, त्यालाच रिंग म्हणायचं. फी महिना ७०० रुपये. ग्लोव्हज पहिले दोन महिने क्लासचे मिळतात, हाताच्या पट्ट्या मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच्या लागतात, आणि त्या बांधल्याशिवाय सर कुणालाच बॅगेपाशी जाऊ देत नाहीत. मनगट, मग अंगठा, मग बोटांमधून तीन फेरे. सर प्रत्येकाची मूठ दाबून बघतात. ढिली लागली की सोडून पुन्हा बांधायला लावतात, मग तो दहावीतला पोरगा असो नाहीतर माझ्यासारखा पन्नाशीकडं झुकलेला.

पहिला महिना दोरी आणि पाय, दुसरं काही नाही. बरेच जण इथंच कंटाळून सोडतात. मला ही पद्धत शंभर टक्के पटते. नवख्यांना डोक्यावर मारायचं स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, अजिबात नाही. हे पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं, कारण शहरात आधी एका ठिकाणी मी पहिल्याच आठवड्यात पोरांना एकमेकांवर सोडलेलं पाहिलंय आणि तिथून पुतणीला काढून आणलंय.

पण या शेडची खरी किंमत कळते रविवारी. सकाळचा सराव उरकला की मॅटवर बसायचं, भिंतीवरच्या टीव्हीवर जुनी लढत लावायची, आणि आवाज बंद. कॉमेंट्री ऐकून मत बनवायचं नाही, असा सरांचा दंडक आहे. प्रत्येकानं वहीत राउंडचे गुण स्वतः लिहायचे, नंतर खऱ्या जजचे गुण सांगितले जातात. दुसरा दंडक असा की कुणाला मोठा म्हणायचं असेल तर नुसतं नाव घेऊन भागत नाही. त्याचा एक राउंड दाखवायचा आणि त्यात त्याचे पाय काय करतात ते उभं राहून करून दाखवायचं. यामुळं वाद भांडणावर जात नाही. हेवीवेटमधला, म्हणजे सगळ्यात जड वजनगटातला, आधुनिक काळातला सगळ्यात मोठा चॅम्पियन कोण, हा वाद तर इथं कायमचा वस्तीला आहे.

आधुनिक काळ कुठून धरायचा हे आधी ठरवून घेतलंय. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. बस्टर डग्लसनं दहाव्या राउंडमध्ये माईक टायसनला पाडलं तो दिवस. त्याच्या पुढचे ते आधुनिक. त्यामुळं जो लुईस, मार्सियानो, अली, होम्स हे सगळे वादाच्या बाहेर. अलीचा फोटो भिंतीवर आहे आणि त्याच्याखाली सरांनी कौर सिंग यांचं नाव लिहिलंय. पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातला हा फौजी १९८० साली दिल्लीत अलीबरोबर प्रदर्शनी लढत खेळला आणि १९८२ च्या एशियाडला हेवीवेटचं सुवर्ण घेऊन आला. आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे. ज्या क्लासात हे नाव भिंतीवर आहे, तिथं खेळाला मान आहे असं मी समजतो.

कॉलेजची पोरं टायसनची. "ओ काका, एक्याण्णव सेकंदांत स्पिंक्सला झोपवलं त्यानं, अजून काय पाहिजे?" बरोबर आहे, जून १९८८ मध्ये झोपवलं. आणि १९८६ ला वीस वर्षांचा असताना बर्बिकला दुसऱ्याच राउंडमध्ये उडवून तो सगळ्यात तरुण हेवीवेट चॅम्पियन झाला. पण हे सगळं आपल्या १९९० च्या रेषेच्या आधीचं. १९९० नंतर त्याला पट्टे, म्हणजे विजेतेपदं, मिळाले ते ब्रुनो आणि सेल्डनकडून. होलीफिल्डपुढं दोनदा आणि लेनॉक्स लुईसपुढं एकदा उभा राहिला, तिन्ही वेळा हरला. टायसन बघायला मलाही आवडतो, पण वहीत गुण लिहायला बसलं की त्याचं पारडं हलकं ठरतं.

आमच्या बॅचमध्ये पूर्वी माग चालवणारे एक काका आहेत, ते व्लादिमिर क्लिच्को सोडून दुसरं नाव घेत नाहीत. २००६ ते २०१५ सलग चॅम्पियन, त्या काळात १८ वेळा विजेतेपद राखलं. आकडा मोठाच आहे. पण डावा हात लांब करून अंतर राखायचं आणि समोरचा आत आला की कवटाळून धरायचं, हे बारा बारा राउंड बघवत नाही. आणि त्याच्याआधी सँडर्स, ब्रूस्टर यांनी त्याला पाडलेलं आहेच.

आता सरांचा माणूस. युक्रेनचा ओलेक्सांडर उसिक. इथं मी कान देऊन ऐकतो, कारण सर उसिकवर बोलायला लागले की खडू घेतात. उसिक डावखुरा, म्हणजे त्याचा उजवा पाय पुढं. समोरचा नेहमीचा उजव्या हाताचा, त्याचा डावा पाय पुढं. सर मॅटच्या कडेला फरशीवर दोघांची पावलं काढतात. उसिकचं पुढचं पाऊल सारखं समोरच्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला जाऊन बसतं. एकदा तिथं बसलं की त्याचा डावा सरळ रेषेत हनुवटीवर येतो, आणि समोरच्याला उजवा मारायला आधी अंग वळवावं लागतं. अर्ध्या पावलाचा खेळ. मग सर मला उभं करतात आणि माझ्या पावलाबाहेर पाऊल टाकून दाखवतात. उजवा उगारायला जागाच उरत नाही हे अंगावर कळतं, टीव्हीवर बघून ते कधी कळलं नसतं.

१८ मे २०२४ ची रियाधची फ्युरीबरोबरची लढत आम्ही अशीच पाहिली. फ्युरी सहा फूट नऊ इंच, उसिक सहा फूट तीन. मधल्या राउंडमध्ये फ्युरी खालून अपरकट घालत होता, उसिकचं पोट सोलून निघत होतं, आमच्या सगळ्यांच्या वह्यांत फ्युरी पुढं. मग आठव्यापासून वारं फिरलं आणि नवव्यात उसिकच्या डाव्यानं फ्युरी या दोरापासून त्या दोरापर्यंत भेलकांडत गेला. रेफ्रीला मोजावं लागलं. दोन जजनी उसिकला ११५-११२ आणि ११४-११३ दिले, तिसऱ्यानं फ्युरीला ११४-११३. हेवीवेटमध्ये चार मोठ्या संघटनांचे चारही पट्टे एकाच वेळी घेणारा हा पहिला. डिसेंबरमध्ये पुन्हा फ्युरीला हरवलं, तेव्हा तिघांचेही ११६-११२. जुलै २०२५ ला लंडनच्या वेम्बलीवर डुबॉइसला पाचव्यात पाडलं आणि पुन्हा चारही पट्टे. त्याच्याआधी क्रूझरवेटमध्येही, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटात, सगळे पट्टे त्याच्याकडंच होते. तिथपर्यंत २४ लढती, एकही हार नाही.

सरांचं म्हणणं असं की कमी उंचीचा, कमी वजनाचा माणूस एवढ्या थोरल्या गड्यांना, काहींना तर त्यांच्या देशात जाऊन, हरवतो, याहून मोठं काय असतं? कुस्तीची माती पाहिलेल्या सोलापूरकराला हे लगेच पटतं.

तरी माझा माणूस लेनॉक्स लुईस आहे, आणि मी तो सोडत नाही.

४४ लढती, ४१ विजय, एक बरोबरी, दोन हारी. त्या दोन हारी आणि एक बरोबरी हेच माझं मुख्य म्हणणं आहे. १९९४ ला वेम्बलीत ऑलिव्हर मॅकॉलनं त्याला दुसऱ्या राउंडमध्ये पाडलं. दोघांनी एकदमच उजवा टाकला, मॅकॉलचा आधी पोचला. मॅकॉलच्या कोपऱ्यात उभा होता इमॅन्युएल स्टुअर्ड. आता लुईसनं काय केलं? ज्या वस्तादानं आपल्याला पाडायची युक्ती शोधली, त्यालाच आपला वस्ताद केला. राग नाही, कुणाला दोष नाही. माझी खोट ज्याला दिसली, तोच ती काढील. स्टुअर्डनं त्याचा तोल सुधारला, डाव्या जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, मागं राहायला शिकवलं, आणि १९९७ ला मॅकॉलशी हिशेब पुरा झाला. क्लिच्कोवाल्या काकांनाही मी सांगतो, तुमच्या माणसाला हरल्यानंतर उभा केला तोसुद्धा हाच स्टुअर्ड.

मार्च १९९९, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर होलीफिल्ड. लुईसचे ३४८ ठोसे लागले, होलीफिल्डचे १३०, आणि निकाल बरोबरी. आमच्या शेडमध्ये एकाही वहीत होलीफिल्ड पुढं नव्हता. एका जजनं मात्र त्याला ११५-११३ नं जिंकवलं होतं. लुईसनं नोव्हेंबरमध्ये पुन्हा लढत घेतली आणि या वेळी तिन्ही जजनी त्यालाच विजयी दिलं. तेव्हाचे तिन्ही मोठे पट्टे त्याचे झाले. त्याच्यानंतर सगळे पट्टे एकत्र आणायला हेवीवेटला उसिकपर्यंत वाट बघावी लागली.

दुसरी हार एप्रिल २००१, दक्षिण आफ्रिका, हासिम रहमान. लुईस सिनेमाच्या शूटिंगमध्ये रमला, उंचावरच्या हवेची सवय व्हायला वेळ न ठेवता पोचला, आणि पाचव्यात आडवा झाला. दोष पूर्ण त्याचाच. पण रहमान दुसरीकडं लढायला निघाला तेव्हा हा कोर्टात गेला, करारातली परतीची लढत मिळवली आणि नोव्हेंबरमध्ये चौथ्या राउंडला एका उजव्यात प्रकरण मिटवलं. मी हाच राउंड उभं राहून दाखवतो. डावा हात खाली वर हलवून समोरच्याचे डोळे तिकडं न्यायचे, मागचा पाय जमिनीत रोवलेला, आणि मग उजवा. सरांनी त्यात माझी टाच उचलली जाते म्हणून मला थांबवलं आणि दुरुस्त केलं. वाद बाजूला राहिला, टाच महत्त्वाची. असा शिकवणारा माणूस महिना ७०० रुपयांत मिळतोय.

रिंगमध्ये ज्या ज्या माणसाशी लुईस लढला, त्या प्रत्येकाला त्यानं कधी ना कधी हरवलं. रडॉक, ब्रुनो, मॉरिसन, गोलोटा (तो तर ९५ सेकंदांत), ब्रिग्ज, ग्रँट, टुआ, होलीफिल्ड, टायसन. उसिक हेवीवेटमध्ये जुलै २०२५ पर्यंत आठ लढती लढला, त्यातल्या सहा तिघांशीच, जोशुआ, फ्युरी आणि डुबॉइस. गुण उसिकचे तोलामोलाचे, पण लुईसनं जेवढी माणसं पार केली तेवढी त्यानं अजून केलेली नाहीत.

यावर पुतणीनं मागच्या रविवारी सरळ विचारलं, "काका, आणि विताली?" सर हसले, कारण हा प्रश्न त्यांचाच. जून २००३, लॉस एंजेलिस, व्लादिमिरचा मोठा भाऊ विताली क्लिच्को. सहा राउंडनंतर तिन्ही जजकडं विताली ५८-५६ नं पुढं. डोळ्यावरची जखम बघून डॉक्टरनं लढत थांबवली आणि लुईस जिंकला. परतीची लढत झालीच नाही, पुढच्या फेब्रुवारीत त्यानं निवृत्ती घेतली. माझं उत्तर असं: ती जखम लुईसच्याच ठोशानं झाली होती, तो सदतीस वर्षांचा होता, कारकिर्दीतल्या सगळ्यात जास्त वजनात उतरला होता, आणि प्रतिस्पर्धी दोन आठवडे आधी बदलला होता. पुतणीला ते पटलेलं नाही. तिच्या मते परतीची लढत मागून घेणाऱ्यानं ती द्यायलाही हवी होती. मुद्दा भक्कम आहे.

आता उणिवा. पत्र्याचं छत आहे, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पाचची बॅच म्हणजे भट्टी. उन्हाळ्यात सकाळीच जावं. मुलींना कपडे बदलायला नीट खोली नाही, पडदा लावलेला कोपरा आहे. सकाळच्या बॅचला निम्म्या मुली असताना हे चालणार नाही, मी सरांना स्पष्ट सांगितलंय. हेडगार्ड कमी आहेत आणि घामट वासाचे आहेत, शक्य असेल त्यानं स्वतःचं घ्यावं. क्लासचे ग्लोव्हज सर रोज उन्हात टाकतात, त्याबद्दल तक्रार नाही. गाड्या लावायला जागा भरपूर.

वजन घटवायला म्हणून येणाऱ्यांना सुरुवातीचा महिना संथ वाटेल, त्यांनी जिम बघावी. खेळ शिकायचाय त्यांनी नक्की यावं.

येत्या रविवारी लुईस आणि वितालीचे सहाही राउंड लावणार आहेत. सराव साडेसातला सुटतो, लढत आठला. बाहेरच्यांनाही बसू देतात, फी नाही. वही, पेन आणि पाण्याची बाटली आपली आपण आणायची.