बैठकीपुरता आवाज: घरच्या ध्वनिमुद्रणासाठी आणि छोट्या मैफलींसाठी घेतलेल्या सामग्रीचा हिशेब

मी पेटीची साथ करतो. महिन्यातून दोन-तीन छोटे कार्यक्रम असतात: सोसायटीचा हॉल, कोणाच्या गच्चीवरची कोजागरी, गणेशोत्सवातली एखादी संध्याकाळ, श्रोते पन्नास ते शंभर. उरलेल्या दिवसांत पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी आणि बरोबरच्या गायकांसाठी ध्वनिमुद्रण चालते. या दोन्ही कामांसाठी गेल्या अडीच वर्षांत मी टप्प्याटप्प्याने सव्वा लाखाच्या आसपास खर्च केला. त्यातला कोणता रुपया कारणी लागला आणि कोणता घाईने गेला, ते येथे लिहितो आहे. किमती महिन्या-महिन्याला हलतात, म्हणून आकडे अंदाजाचेच समजावेत.

आधी माझे मत सांगून टाकतो. गळ्यापासून श्रोत्याच्या कानापर्यंतच्या साखळीत पहिली कडी माइकची आणि शेवटची स्पीकरची असते. पैसा या दोन टोकांना घालावा. मधल्या यंत्रांमध्ये स्वस्त आणि महाग यांतला फरक गेल्या काही वर्षांत बराच कमी झाला आहे, आणि तरीही नवशिका ग्राहक नेमका तेथेच जास्त खर्च करतो, कारण मधल्या यंत्रांवर बटणे आणि दिवे जास्त असतात. मीही तेच केले.

माइकपासून सुरुवात करतो. शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ साली बाजारात आलेला डायनॅमिक (म्हणजे वीज न लागणारा, दणकट) माइक आजही दहा हजारांच्या आसपास मिळतो, आणि बसून गाणाऱ्या माणसासाठी या पैशात याहून निर्धास्त वस्तू मला तरी सापडलेली नाही. त्याची कंपनसंख्येची मर्यादा ५० ते १५,००० हर्ट्झ एवढीच आहे. कागदावर हा आकडा सामान्य वाटतो, परंतु मंचावर हाच त्याचा गुण ठरतो. शिवाय समोरून येणारा आवाज तो नीट घेतो आणि मागून येणाऱ्या आवाजाकडे बऱ्याच अंशी पाठ फिरवतो, त्यामुळे स्पीकर कलाकारांच्या पुढे ठेवला की शिट्टी (स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारी) सहसा येत नाही. मात्र गायकाने उत्साहाच्या भरात माइकची जाळी मुठीत धरली की हा दिशाभेद मोडतो आणि शिट्टी आलीच म्हणून समजावे. बसून गाणाऱ्यांचा माइक स्टँडवर असतो, म्हणून ही अडचण अभंगापेक्षा भावगीतांच्या कार्यक्रमात अधिक येते.

या माइकच्या खरेदीत मी एकदा फसलो आहे. पहिला एसएम५८ मी गर्दीच्या बाजारातल्या एका दुकानातून, निम्म्याहून कमी किमतीत, बिलाशिवाय घेतला. खोका अगदी हुबेहूब होता, आतली पिशवीही होती. घरी आल्यावर तार सप्तकात आवाज पत्र्यासारखा कर्कश वाटू लागला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या पीठ मोजण्याच्या काट्यावर तो ठेवून पाहिला. कंपनी वजन २९८ ग्रॅम सांगते. माझा माइक २६१ ग्रॅम भरला. जाळीखालची कडी बोटाने फिरवली तर सैल निघाली. दुकानदाराने अर्थातच हात वर केले. नकली माल हल्ली वजनालाही जुळवलेला असू शकतो, म्हणून काट्याचा कौल शेवटचा मानू नये. अधिकृत विक्रेत्याचे पक्के बिल घ्यावे आणि निम्म्या किमतीचा मोह टाळावा. दहा हजार एकदम देणे शक्य नसेल तर बनावट शुअरपेक्षा अस्सल बेहरिंगर एक्सएम८५०० पुष्कळ चांगला, आणि तो दोन-अडीच हजारांत येतो. माझ्याकडे असे दोन आहेत आणि ते तबल्यासमोर लावतो. डग्ग्याची घुमक त्यात पुरेशी येते, चाटीवरचा ठोसा जरा बोथट येतो, पण शंभर श्रोत्यांच्या हॉलमध्ये हा फरक तबलजी सोडून कोणाच्या लक्षात आलेला नाही. तबलजीने मात्र तो पहिल्याच दिवशी बोलून दाखवला.

घरातल्या ध्वनिमुद्रणासाठी ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा, माइक घेतला. त्याला ४८ व्होल्टचा फँटम विद्युतपुरवठा (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागतो, आणि तो २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे सगळे ऐकतो. ‘सगळे’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. मंचावरचा माइक थोडा बहिरा हवा असतो आणि घरातला कानसेन. परंतु कानसेन घरात आणला की घराची खरी ओळख पटते. पहिल्या दिवशी पेटी मुद्रित करून ऐकली तेव्हा सुरांच्या खाली पट्ट्यांची खटखट, भात्याचा श्वास, पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी आणि खालून गेलेली एक स्कूटर एवढा ऐवज मिळाला. माइक पेटीच्या अगदी वर न ठेवता समोरून फूट-दीड फुटावर, किंचित उंच आणि तिरका ठेवल्यावर खटखट बरीच मागे गेली. पंखा बंद करण्याला पर्याय नाही.

त्याच आठवड्यात खोलीही सुधारली. बाजारात भिंतीला चिकटवण्याचे खाचदार फोमचे तुकडे मिळतात आणि ध्वनिमुद्रणाची खोली म्हटले की लोक आधी तेच आणतात. पातळ फोम फक्त वरच्या कंपनसंख्या शोषतो, खालचा घुमारा तसाच राहतो, आणि खोली मृत तरीही गुबगुबीत वाटू लागते. मी गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगल्या, जमिनीवर सतरंजी अंथरली आणि कपड्यांचे कपाट उघडे ठेवले. आजीच्या हातची गोधडी या कामाला विकतच्या रजईपेक्षा सरस ठरली, कारण जुन्या लुगड्यांचे थरावर थर असलेले जड कापड आवाज अधिक पितो. ज्याच्याकडे अशी खोली नाही त्याने घरीही डायनॅमिक माइकच वापरावा. तोंडापासून चार बोटांवर ठेवला की खोलीचा प्रश्न पुष्कळसा मिटतो.

माइक आणि संगणक यांच्यामध्ये ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकाला समजेल अशा रूपात बदलणारी डबी, लागते. मी फोकसराइटचा स्कार्लेट २आय२, चौथ्या पिढीचा, वापरतो. वीस हजारांच्या आत-बाहेर पडला. आधीच्या पिढीत माइकसाठी ५६ डेसिबलपर्यंत गेन (माइकचा क्षीण आवाज वाढवण्याची ताकद) मिळत असे, या पिढीत तो ६९ डेसिबल झाला आहे, आणि एसएम५८समोर कोणी मंद्रात हळू आलाप करत असेल तेव्हा ही वाढ खरोखर उपयोगी पडते. पूर्वी तेथे आवाजाबरोबर ‘सूंऽऽ’ असा फुसकाराही वर येई. याउलट गायक अचानक तार षड्जावर गेला तर आवाज फाटू नये म्हणून गेन आपोआप खाली आणण्याची सोय यात आहे. मी तीही चालू ठेवतो आणि शिवाय पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपासच ठेवतो (शून्य ही आवाज फाटण्याची सीमा). २४ बिटच्या मुद्रणात पातळी कमी ठेवल्याने काही बिघडत नाही, फाटलेला सूर मात्र कशानेही शिवता येत नाही.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो, ही घरी मुद्रण करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. यामागचे गणित साधे आहे. संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्यांनी उचलतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १०२४ चा गठ्ठा असेल तर एका फेरीत सुमारे २१ मिलिसेकंद जातात, तोच गठ्ठा १२८ चा केला तर जेमतेम पावणेतीन. गायकाला वीस मिलिसेकंद एक वेळ चालतात, तबलजीला चालत नाहीत. द्रुत तीनतालात त्याचा हात अडखळतो आणि तो आपल्याकडे संशयाने पाहू लागतो. मुद्रण करताना गठ्ठा लहान ठेवावा, किंवा इंटरफेसवरचे थेट ऐकण्याचे बटण दाबावे. मग आवाज संगणकाला वळसा न घालता सरळ कानात येतो. सॉफ्टवेअरवर आरंभी एक पैसाही खर्चू नये. ऑडॅसिटी विनामूल्य आहे. पुढे रीपर घ्यावे. ते ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते आणि नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो.

मिक्सरच्या बाबतीत माझा निर्णय घाईचा ठरला. यामाहाचा एमजी१०एक्सयू हा यंत्र म्हणून उत्तम आहे: माइकसाठी चार जागा, स्वच्छ आवाज, चोवीस तयार इफेक्ट, पहिल्या दोन चॅनलवर एका बटणाचा कंप्रेसर (मोठे आवाज दाबून चढ-उतार कमी करणारा), वजन अवघे दोन किलोंच्या पुढे. वीस-बावीस हजारांत तक्रारीला जागा नाही. परंतु यूएसबी असल्यामुळे मैफलीत प्रत्येक माइक वेगळा मुद्रित होईल, या समजुतीने मी तो घेतला आणि ती समजूत चुकीची होती. संगणकाकडे जातो तो सगळ्यांचा मिळून झालेला दोन चॅनलचा एकच काला, आणि तबला एकदा गायनावर चढला की तो नंतर उतरवता येत नाही. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेले होते. मी ते नीट वाचले नव्हते. आता गायन, पेटी, तबला आणि निवेदन असे चार माइक असतात तेव्हाच तो नेतो.

एरवी मिक्सर लागतच नाही, कारण यामाहाच्या डीबीआर१० या स्पीकरमध्येच माइक थेट जोडण्याची सोय आहे. सगळ्या खरेदीतली ही सर्वांत महाग वस्तू, चाळीस हजारांच्या पुढची, आणि सर्वांत समाधानाचीही. दहा इंची वूफर, आतच ऍम्प्लिफायर आणि वजन साडेदहा किलो, म्हणजे एका हातात स्पीकर आणि दुसऱ्या हातात पेटी घेऊन दोन मजले चढता येतात. कंपनी कमाल ध्वनिपातळी १२९ डेसिबल सांगते. हा आकडा एक मीटरवरचा आणि क्षणिक असतो, आणि मोकळ्या जागेत दहा मीटरवर जाईपर्यंत त्यातले वीस डेसिबल गळतात, तरीही शंभर माणसांना तो भरपूर होतो. आवाज वाढवणे हा येथे हेतूच नाही. मंडपवाल्यांकडच्या उभ्या कॉलम स्पीकरांतून निवेदन स्वच्छ पोहोचते, कारण ते बोलण्यासाठीच बनवलेले असतात. पण खर्जाचे तंबोरे त्यांतून येतच नाहीत आणि पेटी नाकात बोलते. डीबीआर१०मधून पहिल्यांदा वाजवले तेव्हा मला माझ्या पेटीचा खर्ज हॉलच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहून ऐकता आला.

स्पीकर जमिनीवर ठेवू नये, बसलेल्या श्रोत्यांच्या डोक्यावरून जाईल एवढ्या उंचीच्या स्टँडवर ठेवावा. नाहीतर पहिली रांग बधिर होते आणि शेवटची ‘आवाज वाढवा’ म्हणत राहते. त्याच्या पाठीवर खालचे-वरचे सूर आपोआप फुगवणारी एक कळ आहे, ती मी बंदच ठेवतो. गच्चीवरच्या कार्यक्रमात घड्याळावरही लक्ष हवे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. भैरवी साडेनऊला सुरू केलेली बरी.

किरकोळ म्हणून ज्यांकडे दुर्लक्ष होते त्या वस्तूंनीच माझे दोन कार्यक्रम जवळजवळ बुडवले होते. तयार मिळालेल्या स्वस्त केबलचा जोड ऐन विलंबित ख्यालात सुटला. तेव्हापासून पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून चांगले कनेक्टर आणि वायर आणून केबल स्वतः सोल्डर करतो. एका केबलला अर्धा तास लागतो आणि ती तुटली तर कोठे तुटली हे आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्या वेळी हॉलभर ‘घूंऽऽ’ असा ५० हर्ट्झचा आवाज येत राहिला. कारण लॅपटॉपचा चार्जर निघाला. तंबोऱ्यासाठी लावलेला लॅपटॉप मंचामागच्या एका प्लगवर होता, स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर. चार्जर काढताच शांतता झाली. आता सगळी यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतो आणि तंबोऱ्याचा लॅपटॉप बॅटरीवर चालवतो.

स्टँडबद्दलही सांगायला हवे. दुकानात मिळणारे बहुतेक माइक स्टँड उभ्या गायकासाठी असतात, आणि पूर्ण खाली आणले तरी बैठकीवर बसलेल्या माणसाच्या कपाळासमोर येतात. आखूड, जड बुडाचे आणि आडवी दांडी असलेले स्टँड मागून घ्यावे लागतात. माझ्याकडे असे दोन आहेत. तिसरे येईपर्यंत तबल्याचा माइक एका पाटावर, दुमडलेल्या टॉवेलात बसवून ठेवतो, आणि तबलजीची त्यावरही एक तक्रार आहेच.