राशन बरं का खात्यातले पैसे?
मावशी इचारत होती, धान्य बरं का पैसे. आपल्या वऱ्हाडातल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यायले 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिन्याले 150 रुपये सुरू झाले, 2024 त ते 170 केले. आधी 5 किलो भेटे, गहू 2 अन् तांदूळ 3 रुपयानं, आता दुकानातला साधा तांदूळ 40 नं धरला तरी 200 होतात, मंग उरले काय? भाव वाढला तरी राशनची पिशवी तेवढीच भरते, पैशाचं तसं नाही.

चकरा दोन्हीकडं. कापूस वेचून मावशीचा अंगठा झिजला, राशन दुकानातली मशीन घेतच नाही, अन् बँकेत केवायसी, म्हंजे ओळखीचे कागद द्या.

पैशात तेल-मीठ, दवाखाना भागते हे मात्र खरं.

घरी खाणारे जास्त अन् मजुरी बंद, तर धान्यच पाह्यजे. गहू-तूर घरचे असन तर पैसे चालतात.